शिक्षेचा हिशोब घरच्यांनी ठेवावा: अटकेपासून घरी परतेपर्यंतचे कागद आणि कायदे

कारागृहाच्या मुलाखतीच्या रांगेत सकाळी आठलाच माणसं येऊन बसतात. बहुतेकींच्या हातात किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यात चुरगळलेले कागद. विधी स्वयंसेवक म्हणून मी या रांगेशेजारी बसते. एका मावशींची पिशवी उघडली तेव्हा त्यात मुलाचा जामीन मंजूर झाल्याचा आदेश सापडला, साडेतीन महिन्यांपूर्वीचा. मुलगा अजून आतच होता. त्यांना वाटत होतं, जामीन झाला म्हणजे तुरुंगवालेच सोडतील. जामीनदार उभा करायचा असतो, ऐपतीचे कागद द्यायचे असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. न्यायालयाने त्याला मोकळं केलं होतं, तरी साडेतीन महिने त्याने जास्तीचे काढले.

शिक्षा न्यायाधीश लिहितात, पण ती लांबते कागदांमुळे. कोणता कागद कुठे अडला आहे हे घरच्या एका माणसाला कळलं, तर कित्येक महिने वाचतात. हा लेख त्या घरच्या माणसासाठी आहे. यातले माफीचे (म्हणजे शिक्षेतून कमी होणाऱ्या दिवसांचे) आणि रजेचे नियम महाराष्ट्रातले आहेत, कारण कारागृह हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे. जामीन, शिक्षा आणि अपील यांचे कायदे मात्र देशभर सारखे आहेत.

पहिलं काम: एक वही

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, अटकेची तारीख, पोलीस कोठडी कधी संपली, न्यायालयीन कोठडी कधी सुरू झाली, न्यायालयाचं नाव आणि केस नंबर लिहा. सीएनआर नंबर मिळाला की तोही. तो सोळा अंकी-अक्षरी क्रमांक ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. वकिलाच्या फोनची वाट पाहत बसावं लागत नाही.

दुसऱ्या पानावर तारखा. प्रत्येक तारखेला काय झालं, ते एका ओळीत: साक्षीदार आला नाही, न्यायाधीश रजेवर, आरोपीला आणलं नाही, व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर) दाखवलं. आज ही नोंद कंटाळवाणी वाटेल. पण दोन वर्षांनी न्यायालयात 'उशीर आरोपीमुळे झाला' असं सरकारी वकील म्हणाले, तर तुमच्या वकिलाला उत्तर याच पानावर सापडेल.

एकाहून जास्त गुन्हे असतील तर प्रत्येकाला वेगळं पान द्या. दुसऱ्या गुन्ह्यात कारागृहातून ताबा कोणत्या तारखेला घेतला, हे तिथे ठळक लिहा. त्याचं कारण पुढे शिक्षेच्या हिशोबात येईल.

खटला चालू असताना: वकील, मुदती आणि कलम ४७९

कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असणं एवढंच पुरेसं आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बऱ्याच जिल्ह्यांत आता लोकअभिरक्षक कार्यालयही आहे, तिथले वकील फक्त फौजदारी बचावाचंच काम करतात. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. 'फुकटचा वकील काय लढणार' असं रांगेत रोज ऐकू येतं. खाजगी वकिलाच्या फीसाठी मंगळसूत्र मोडून नंतर तारखेला वकीलच न आलेली घरंही मी पाहिली आहेत. वकील मोफत असो की पैशाचा, वही दाखवून विचारायचे प्रश्न तेच.

पहिला प्रश्न आरोपपत्राचा. गुन्ह्याच्या गंभीरतेप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झालं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण अर्ज करावा लागतो, आणि आरोपपत्र येण्याआधी करावा लागतो. एकसष्टाव्या किंवा एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी अर्ज तयार हवा. दुपारी आरोपपत्र आलं की ती संधी गेली.

दुसरा प्रश्न कलम ४७९ चा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं हे कलम माझ्या मते प्रत्येक कारागृहाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. गुन्ह्याला कायद्यात जी कमाल शिक्षा आहे, तिच्या निम्मा काळ न्यायाधीन बंद्याने, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही त्याने, आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचं. तो आयुष्यात कधीच कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल, तर निम्म्याऐवजी एक तृतीयांश. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही.

आकड्यांत पाहू. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं. पहिल्यांदाच अडकलेल्या मुलासाठी एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. घरातल्या चोरीला कमाल सात वर्षं, म्हणजे त्याच्यासाठी दोन वर्षं चार महिने; आधी शिक्षा झालेल्यासाठी साडेतीन वर्षं. वहीच्या पहिल्या पानावर अटकेच्या तारखेखाली ही तारीख लाल शाईने लिहून ठेवा. ती उजाडली की न्यायालयाला लेखी कळवणं कारागृह अधीक्षकांचं कर्तव्य आहे, कलमातच तसं लिहिलं आहे. हे कलम जुन्या, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांतल्या बंद्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. तरीही अधीक्षकांच्या यादीची वाट पाहू नका. तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रात अर्ज लिहून घ्या.

इथे एक अडथळा आहे. एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर हीच सवलत नाकारली जाते. म्हणून किरकोळ, जुनी, विसरलेली केस असेल तर ती आधी मार्गी लावा. दंड भरून संपणारी एखादी जुनी केस मोठ्या केसमधला जामीन अडवून बसते.

जामीन झाला, पुढे काय

मावशींच्या मुलाचं झालं ते इथेच. जामिनाचा आदेश झाला की जामीनदार, त्याचा सातबारा किंवा पगारपत्रक, ऐपतीचा दाखला, रेशनकार्ड, आधार हे सगळं न्यायालयात द्यायचं. तपासणी झाली की मुक्ततेचा आदेश कारागृहात जातो. काही कारागृहांच्या दाराशी त्यासाठी पेटी असते आणि ती ठरलेल्या वेळीच उघडतात. पेटी उघडून गेली की त्या दिवशीची सुटका गेली. वकिलाच्या कारकुनाला आदल्या दिवशीच वेळ विचारून ठेवा.

जामीनदार मिळत नसेल तर ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश लक्षात ठेवा. जामिनाच्या आदेशाची प्रत न्यायालयाने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिकच जामीनदार हवा, हा हट्टही उशिराचं एक कारण आहे आणि अशी अट घालू नये, असंही त्यात आहे. ऊसतोडीला आलेला बीडचा माणूस कोल्हापुरात पकडला गेला तर तिथला जामीनदार तो कुठून आणणार? वकिलाने अर्जात हेच मांडावं आणि जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर) किंवा थोड्या रोख रकमेवर सोडण्याची मागणी करावी.

पैशासाठीच अडलं असेल तर केंद्र सरकारची गरीब बंद्यांना सहाय्याची योजना आहे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. जिल्हा पातळीवरची समिती मंजुरी देते. काही विशेष कायद्यांखालच्या बंद्यांना ती मिळत नाही. अर्ज विधी सेवा प्राधिकरणातूनच पुढे जातो.

शिक्षेवरची सुनावणी वाया घालवू नका

दोषी ठरवल्यानंतर आणि शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश विचारतात, 'शिक्षेबाबत काही म्हणायचं आहे?' आरोपी गांगरलेला असतो. हात जोडतो आणि म्हणतो, 'गरीब आहे साहेब, दया करा.' निकालपत्रात एक ओळ पडते आणि विषय संपतो. मला सगळ्यात जास्त हळहळ या दहा मिनिटांची वाटते. शिक्षा कमी करण्याची अधिकृत जागा हीच आहे आणि तिथे आपण रिकाम्या हाताने उभे राहतो.

निकाल जवळ आला की वकिलाला सांगून कागद जमवा: शाळा सोडल्याचा दाखला (वय एकवीसच्या आत असेल तर सगळ्यात महत्त्वाचा), घरात अवलंबून कोण आहे, आईचे डायलिसिसचे कागद, मालकाचं पत्र की सुटल्यावर कामावर घेईन, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, आत राहून दिलेल्या परीक्षांच्या गुणपत्रिका, आधी शिक्षा झालेली नसल्याचं निवेदन. मग वकिलाने तोंडी मागायला हवा तो परिविक्षेचा, म्हणजे तुरुंगात न पाठवता सोडण्याचा विचार.

अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ हा कायदा जुना आहे, पण सवयीने विसरला जातो. कलम ३ प्रमाणे चोरी, फसवणूक अशा काही गुन्ह्यांत आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला समज देऊन सोडता येतं. कलम ४ प्रमाणे फाशी वा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. कलम ६ तर न्यायालयावरच बंधन घालतं: एकवीस वर्षांखालच्या मुलाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात पाठवायचं असल्यास कारणं लिहावी लागतात. परिविक्षा अधिकारी घरी येऊन अहवाल तयार करतात. ते येतील तेव्हा घरातलं कर्तं माणूस हजर ठेवा, शेजाऱ्यांशीही आधी बोलून ठेवा. कलम १२ प्रमाणे परिविक्षेवर सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. मात्र सरकारी नोकरीत मूळ गैरवर्तनावरून खात्याची कारवाई होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. म्हणून 'नोकरी वाचली' असं समजू नका.

भारतीय न्याय संहितेने समाजसेवा ही नवी शिक्षाही आणली आहे. फार थोड्या गुन्ह्यांना ती लागू होते, त्यात एक कामाचा आहे: पाच हजार रुपयांखालची चोरी, पहिलाच गुन्हा, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली. अशी केस असेल तर वस्तू परत केल्याचा पुरावा नोंदीवर आणा.

निकालाच्या दिवशी पेन्सिल घेऊन बसा

तुरुंगवासाची शिक्षा झाली तर निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि विनामूल्य मिळते. शेवटचं पान वाचा. तिथे चार गोष्टी शोधायच्या.

एक, वेगवेगळ्या कलमांच्या शिक्षा एकत्रित भोगायच्या की एकापाठोपाठ. दोन वर्षं आणि तीन वर्षं एकत्रित असतील तर तीन, एकापाठोपाठ असतील तर पाच. दोन वेगळ्या खटल्यांतल्या शिक्षा तर न्यायालयाने एकत्रित म्हटलं नाही तर साधारणपणे एकामागे एक चालतात, म्हणून दुसऱ्या खटल्यात वकिलाने तशी विनंती करायलाच हवी.

दोन, आधी भोगलेल्या दिवसांची वजावट. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे तपासापासून निकालापर्यंत कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, पोलीस कोठडीचेही. समजा शिक्षा पाच वर्षं आणि आधी आत काढले एक वर्ष आठ महिने बारा दिवस. उरले तीन वर्षं तीन महिने अठरा दिवस, माफीचे दिवस धरण्याआधी. दोन गुन्ह्यांत एकाच वेळी कोठडी असेल तर तो काळ दोन्ही शिक्षांतून वजा होतो, असा निर्णय महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला आहे. म्हणूनच दुसऱ्या गुन्ह्यात ताबा घेतल्याची तारीख वहीत ठळक लिहायला सांगितली. कारागृहातल्या नोंदीत ती चुकली तर आतला माणूस ते महिने दुसऱ्यांदा भोगतो.

तीन, दंड न भरल्यास किती. आधी भोगलेल्या दिवसांची वजावट या जादा शिक्षेला मिळत नाही. दंडाची काही रक्कम भरली तरी त्या प्रमाणात ती कमी होते. दहा हजारांसाठी माणूस तीन महिने जास्त बसलेला मी पाहिला आहे. बाहेर त्याचा भाऊ गणपतीच्या वर्गणीत पाच हजार देत होता, कारण दंड नंतरही भरता येतो हे त्याला माहीतच नव्हतं.

चार, अपिलाची मुदत. सत्र न्यायालयाकडे ३० दिवस, उच्च न्यायालयाकडे ६० दिवस, फाशीच्या शिक्षेविरुद्ध ३०. वकील नसेल तर बंदी कारागृह अधीक्षकांमार्फतच अपील पाठवू शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपिलापुरती शिक्षा स्थगित करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात, त्याच दिवशी करायचा. वकिलाने तो खिशात घेऊनच जायला हवा.

आतली वर्षं: माफी, रजा, कमाई

चांगली वागणूक आणि काम यावर मिळणाऱ्या माफीची नोंद बंद्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे त्याच्या कारागृहातल्या नोंदपत्रावर असते. दर तीन महिन्यांनी मुलाखतीत त्याला विचारा, 'या वेळी किती माफी चढली?' आणि वहीत लिहा. शिक्षण पूर्ण केल्यावर विशेष माफीची तरतूद आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नूची अभ्यासकेंद्रं अनेक मध्यवर्ती कारागृहांत आहेत. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या बहुतेक शिक्षांना मात्र कलम ३२-अ मुळे माफीच नाही.

रजा दोन प्रकारच्या. संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. दोन्ही १९५९ च्या नियमांखाली येतात, त्यांत नंतर बऱ्याच सुधारणा झाल्या आहेत. फर्लो ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर, खास कारण नसतानाही मागता येते आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल घरातला मृत्यू, गंभीर आजार, मुलांचं लग्न, पूर-आगीत घर पडणं अशा कारणांसाठी असतो, आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. म्हणून फर्लोची पात्रता आली असेल आणि कारण तातडीचं नसेल तर आधी फर्लो मागा.

अर्ज कारागृहातून निघतो, पण अडकतो गावच्या पोलीस ठाण्यात. तिथला हवालदार पत्त्यावर जातो, जामीनदाराला विचारतो आणि अहवाल देतो. घर बंद सापडलं, जामीनदार म्हणाला 'मला कुणी विचारलंच नाही', की अहवाल प्रतिकूल झालाच. अर्ज गेला त्या आठवड्यात जामीनदाराला घेऊन स्वतः ठाण्यात जा, सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटा. अर्ज फेटाळला तर लेखी कारण मागा. 'कायदा व सुव्यवस्था' एवढंच मोघम कारण असेल तर उच्च न्यायालयात दाद मागता येते, आणि विधी सेवा समिती त्यासाठी वकील देते.

परतीच्या बाबतीत मी कठोर आहे. रजा संपते त्या दिवशी दुपारपर्यंत तो कारागृहाच्या दारात हवा. उशीर झाला तर माफी कापली जाते, पुढची रजा जाते, पळून गेल्याचा नवा गुन्हा दाखल होतो आणि पुढच्या सगळ्या सवलतींवर त्याची सावली राहते. आई आजारी असेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी द्यायचा.

कमाईबद्दल थोडक्यात. आतल्या कामाची मजुरी खात्यावर जमा होते. त्या मजुरीच्या आधारावर कर्ज देणारी 'जिव्हाळा' योजना महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने मे २०२२ मध्ये येरवड्यात सुरू केली. पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज. मुलीच्या शाळेची फी बापाच्या आतल्या घामातून भरली जाणं ही त्या घरासाठी साधी गोष्ट नसते. शिक्षेचा बराच भाग चांगला गेला असेल तर खुल्या कारागृहासाठीही विचारा. पैठणला शेतीवर काम करणारे बंदी आहेत. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत तर औंध संस्थानाच्या काळापासूनची आहे, तिथे बंदी कुटुंबासह राहतात.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर कारागृहांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी रद्द केली आणि नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्त जमातींना जन्मतःच सराईत समजण्याच्या सवयीवरही त्या निकालात बोट ठेवलं आहे. तुमचा माणूस पारधी किंवा कैकाडी आहे म्हणून त्याला झाडूच दिला जात असेल, तर या निकालाचा उल्लेख करून विधी सेवा प्राधिकरणाकडे तक्रार करा.

जन्मठेप झाली असेल तर

'चौदा वर्षांनी सुटतो' हा समज घराघरांत आहे आणि तो चुकीचा आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सांगून ठेवलं. चौदा वर्षं ही सुटकेचा विचार सुरू होण्याची किमान मर्यादा आहे. खुनासारख्या, फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय मुदतपूर्व सुटका होत नाही. त्यापुढे महाराष्ट्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात: १९७८, १९९२, २००८, २०१० अशी ती बदलत गेली आहेत. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे वर्गवारी आणि प्रत्येक वर्गाला वेगळी वर्षं. दोषी ठरण्याच्या दिवशी जे धोरण होतं ते लागू होतं, आणि नंतरचं धोरण जास्त उदार असेल तर त्याचा फायदा मिळतो. त्यामुळे निकालाची तारीख आणि त्या दिवशीचं धोरण, दोन्ही वहीत हवीत.

निर्णय कोणत्या राज्याने घ्यायचा? शिक्षा ज्या राज्यातल्या न्यायालयाने दिली त्या राज्याने. बिल्किस बानो प्रकरणाचा खटला मुंबईत चालला होता, म्हणून गुजरातला तो अधिकारच नव्हता, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ८ जानेवारी २०२४ रोजी आला आणि गुजरातने सोडलेले अकरा जण परत आत गेले. कोल्हापूरच्या मुलाला बेळगावच्या न्यायालयाने शिक्षा दिली असेल, तर कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात बदली झाली तरी फाईल कर्नाटक सरकारकडेच जाते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १८ फेब्रुवारी २०२५ च्या निकालानंतर पात्र बंद्याने अर्ज केला नसला तरी सरकारने त्याचा विचार करायचा आहे. तरी पात्रतेच्या सहा महिने आधी अधीक्षकांना लेखी विचारा की प्रस्ताव निघाला का. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाच्या पीठासीन न्यायाधीशांचं सकारण मत, पोलीस अहवाल आणि कारागृहाचा अहवाल, तिन्ही जमले की फाईल हलते.

सुटकेआधीचे तीन महिने

जेलमधून सुटलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात जे लागतं, ते आत असतानाच तयार करावं लागतं.

आधी नावाने ई-कोर्ट्सवर शोध घ्या की दुसऱ्या कुठल्या केसमध्ये वॉरंट निघालेलं नाही ना. हार घेऊन दारात उभ्या असलेल्या बायकोसमोर दुसऱ्या ठाण्याची जीप येते आणि नवरा पुन्हा गाडीत बसतो. हे मी दोनदा पाहिलं आहे. वॉरंट सापडलं तर वकिलाकडून आतूनच त्या केसमध्ये हजर करून घ्या.

आधार नसेल तर कारागृहात काढता येतं. अधिकाऱ्याची सही-शिक्का असलेला कारागृहातल्या प्रवेशाचा दस्तऐवज त्यासाठी चालतो. रेशनकार्डावरून नाव कमी झालं असेल तर पुरवठा कार्यालयातला अर्ज आधीच आणून ठेवा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं बँक खातं निष्क्रिय होतं, ते केवायसी करून सुरू होतं. औषधं चालू असतील, क्षयाची, एचआयव्हीची किंवा मानसिक आजाराची, तर कारागृहाच्या डॉक्टरांकडून उपचाराचा कागद आणि पुढच्या सरकारी दवाखान्याचं नाव घ्या. गोळ्यांत चार दिवसांचा खंडही महागात पडतो.

सुटकेच्या दिवशी सुटका प्रमाणपत्र, जमा वस्तू, मजुरीचा हिशोब आणि शिक्षणाची प्रमाणपत्रं मागून घ्या. संध्याकाळी सुटका झाली आणि गाव लांब असेल तर रात्र कुठे काढायची, हे आधी ठरवा. पहिल्या रात्री एकटा सोडलेला माणूस जुन्या मित्रांकडेच जातो. मुंबई-ठाणे-नवी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून बंद्यांच्या पुनर्वसनाचं काम करतो, तिथल्या कार्यकर्त्यांशी आतूनच गाठ घालून घ्या. इतर जिल्ह्यांत जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातल्या परिविक्षा अधिकाऱ्यांना मुक्तबंद्यांसाठीच्या मदतीबद्दल विचारा.

बायकांची सुटका जास्त अवघड असते. पुरुषाला घ्यायला आई येते, बायको येते. बाईला घ्यायला बऱ्याचदा कुणीच येत नाही. सासर दार लावून घेतं, माहेर म्हणतं भाचीचं लग्न होऊ दे आधी. अशा वेळी शक्ती सदनमध्ये, म्हणजे निराधार बायकांसाठीच्या सरकारी योजनेतल्या निवासात, सोय होऊ शकते. मुलं बालगृहात असतील तर ती परत मिळण्यासाठी बालकल्याण समितीकडे अर्ज लागतो, आणि तो तिने आत असतानाच करावा.

घरी आल्यावर

मुलांना खरं सांगा. 'पप्पा दुबईला होते' हे शाळेत पहिल्याच दिवशी फुटतं.

नोकरीच्या अर्जात 'गुन्हा दाखल आहे का, शिक्षा झाली आहे का' असं विचारलं असेल तर खरं लिहा. लपवल्यामुळे नोकरी जाते, आणि खरं सांगितलं तर गुन्ह्याचं स्वरूप पाहून विचार करता येतो, ही दिशा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात दिली आहे. जुनी शिक्षा ठरावीक वर्षांनी नोंदीतून पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. वीस वर्षांपूर्वीच्या मारामारीमुळे चाळिशीतला माणूस सोसायटीत वॉचमन होऊ शकत नाही. अठरा वर्षांखाली असताना झालेल्या गुन्ह्याला मात्र बाल न्याय कायद्याचं कलम २४ संरक्षण देतं: साधारणपणे कोणतीही अपात्रता नाही. तिथे चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा दाखवला गेला तर हरकत घ्या. आणि जो निर्दोष सुटला आहे त्याने निकालाची प्रमाणित प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. नाहीतर पडताळणीत 'खटला प्रलंबित' असंच येत राहतं.

पासपोर्टसाठी: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर दोषी ठरल्यापासून पाच वर्षं तो नाकारता येतो. खटला चालू असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. मतदान तुरुंगात असेपर्यंत करता येत नाही, सुटल्यावर हक्क परत मिळतो. ग्रामपंचायतीच्या मतदानाला तो माणूस बोटाला शाई लावून आला की घरातल्या म्हाताऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात विधिमंडळाने महाराष्ट्र कारागृहे व सुधारसेवा विधेयक मंजूर केलं, १८९४ च्या इंग्रजांच्या कायद्याच्या जागी. पाठीशी केंद्राचा २०२३ चा नमुना कायदा आहे. रजा आणि सुटकेनंतरच्या मदतीचे नियम यापुढे बदलत जातील, म्हणून प्रत्येक अर्जाआधी कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात 'सध्याचा नियम कोणता' एवढं विचारून घ्या. जाताना वही बरोबर न्या, आणि सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, वकिलाच्याही नाही.